साडेतीन

मी दोरांचा माणूस.
चिलोएच्या खाडीत शिनाण्यांच्या माळा टांगतो,
पहाटेच्या काळोखात, ओल्या हातमोज्यांनी गाठ मारतो
आणि गाठ मारताना कालच्या मॅचबद्दल बोलत असतो.
हात आपलं काम जाणतो, मला विचारत नाही.
म्हणून मला वाटायचं, हात असाच येतो,
दुकानातून आणल्यासारखा. पुरा.

मिलाराय साडेतीन वर्षांची.
शेजारच्या ऑस्वाल्दोचा पोरगा नाव लिहितो,
सगळं नाव, आडनावासकट, आमच्या भिंतीवरही.
आणि आमची?
आमची खडू मुठीत धरते, पालथ्या मुठीत,
फावडं धरावं तसा,
आणि कागद फाटेपर्यंत समुद्र काढते.

मी ठिपक्यांची वही आणली. कास्त्रोहून, बोटीनं.
रोज रात्री चुलीपाशी, बटाटे शिजेस्तोवर, एमे.
दोन डोंगर, मधे दरी. एवढंच तर आहे.
तिची बोटं माझ्या बोटांत धरून मी वर चढवायचो.
सोडली की घसरायची.
पुन्हा. पुन्हा.
एकदा मी वही आपटली.
हे सांगतो, कारण मी नाही सांगितलं तर बायको सांगेल.

बालवाडीच्या तिया एर्सिरा म्हणाल्या,
"तिला कणीक द्या. कपड्यांचे चिमटे द्या.
वाटाणे सोलू द्या, सांडू द्या.
कात्रीनं कागदाची कड कुरतडेल नुसती,
रेघेवरून जायला अजून वर्ष तरी आहे.
गोल काढते ना? तिचा गोल मिटतो ना?"
जवळजवळ, मी म्हणालो.
"मग झालं तर. चौकोन नंतर. त्रिकोण त्याच्याही नंतर.
आणि बुटाच्या नाडीचं इतक्यात नावच काढू नका."
मी मान हलवली. बाई पोरांना लाडावतात,
असं मनात म्हणत घरी आलो.
एमे.

मग ती धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून पडली.
हात सुजला. इस्पितळात फोटो काढला.
डॉक्टरनं तो उजेडावर लावला
आणि माझ्या पोटात खड्डा पडला.
बोटांची हाडं होती. कोपराकडून येणारी दोन होती.
मधे, मनगटात, काही नव्हतं.
काळोख होता, आणि त्यात
तीन बेटं, आणि चौथं,
ओहोटीला खडकाचं डोकं दिसावं तेवढंच.

"हाडं कुठं गेली?"
माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.
डॉक्टर हसली नाही.
"गेली नाहीत. यायची आहेत.
आठ असतात. आत्ता तिथं कूर्चा आहे, मऊ,
ती फोटोत उमटत नाही.
एकेक भरत जातं. शेवटचं दहाव्या वर्षाच्या आसपास.
मोडलं काही नाही. मुरगळलंय."

परतीच्या बोटीत ती माझ्या मांडीवर झोपली.
पाऊस आडवा येत होता.
धुक्यातून एकेक बेट वर यायचं, मागं पडायचं.
मी तो हात हातात घेऊन बसलो होतो,
कुणाचं तरी सांभाळायला दिलेलं सामान धरावं तसा.
लिहायला हात बसावा लागतो, हे मला ठाऊक होतं.
बसायला आधी हात लागतो,
हे माझ्या चाळीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं,
किंवा तिया बोलल्या होत्या, आणि मी मान हलवली होती.

वही अजून आहे. तिच्या पाठकोऱ्या बाजूंवर समुद्र आहे.
रात्री ती आता बटाट्याचा कीस फडक्यात पिळते,
दोन्ही मुठींनी, दात-ओठ खाऊन,
आणि निम्मं पाणी माझ्या पायावर.
मिल्काओ थोडे चिकट होतात. खातो.

परवा कोटाचं बटण. सगळ्यात खालचं.
मी दारात, बोटीला उशीर, ऑस्वाल्दो हाका मारतोय.
माझे हात आपणहून पुढं निघाले.
खिशात कोंबले.
तिची जीभ बाहेर, श्वास आत,
बटण निम्मं शिरलं,
थांबलं,
आणि आल्या वाटेनं परत निघालं.
तिनं वर पाहिलं, माझ्या खिशांकडं.
"राहू दे, बाबा," मलाच समजावत म्हणाली,
"उद्या."